कुंदा आणि तीन वर्षांची अट

कुंदा, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला एक सही करायची आहे, नाहीतर करायची नाही असं ठरवायचं आहे, आणि विचारायला तू नाहीस. तुझं तेरावं होऊन आज तिसरा दिवस. इतक्या लवकर तुझी अशी गरज पडेल असं वाटलं नव्हतं. रडून घ्यायलाही नीट सवड मिळालेली नाही मला.

फॉर्म शैलाचा आहे. तुझ्या लेकीचा. नर्सिंगचा डिप्लोमा हातात पडून दोन महिने झाले नाहीत तोच तिला आपल्या हॉस्पिटलच्या वरच्या कोर्सला जायचंय. म्हणजे वर्षभर शिकायचं आणि मग गावातलं एखादं केंद्र एकटीने सांभाळायचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे दिवस पेशंट तपासायचा तिनेच, औषध द्यायचं तिनेच, आणि कोणाला वाशीला हॉस्पिटलात पाठवायचं, कोणाला घरी, तेही तिनेच ठरवायचं. मी अकरा वर्षं जे करतेय तेच. कोर्सची अट तुला तोंडपाठ होती: आधी तीन वर्षं वॉर्ड. सूट हवी असेल तर केंद्र चालवणाऱ्या नर्सने लेखी शिफारस करून खाली सही करायची. शैलाने फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, टेन्शन नको घेऊस. सही तर करायचीय."

सही तर करायचीय! पोरगी तुझीच आहे. पेन उचललं की मी ते परत खाली ठेवते, हे तिला कुठून कळणार?

तू मात्र जाता जाता मला बांधून गेलीस. कावीळ चढत होती, तुझ्याच वॉर्डात, तुझ्याच खिडकीजवळच्या खाटेवर तू पडली होतीस, आणि डोळे हळदीचे झाले असतानाही बाजूच्या खाटेचं सलाइन संपत आलंय म्हणून ओरडत होतीस. चौथ्या दिवशी माझं मनगट धरलंस. "गो नलू, शैलाला तीन वर्षं वॉर्डात राहू दे. तुझ्या केंद्रात नको येवक. तू सांग तिला. माझं नाही ऐकायची." मी म्हटलं, "आधी बरी हो." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सहाव्या दिवशी तू गेलीस. आता मी ते वचन दिलं होतं की नव्हतं, हेच मला कळत नाही. कुणाला विचारायची सोय नाही. तिथे आपण दोघीच होतो.

आपली ओळख झाली तो दिवस आठवतोय ना? नर्सिंग स्कूलच्या होस्टेलवर मी सतराची, दोन वेण्यांतली, आणि तू चोवीस वर्षांची. कोकणात सासर, नवरा गेलेला, पाच वर्षांची पोर आईकडे ठेवून आलेली. मी तुला "कुंदाताई" म्हटलं. तू म्हणालीस, "ताई म्हटलंस तर वेणी उपटीन. एका बाकावर बसतो आपण." त्या दिवसापासून तू कुंदा. वॉर्डच्या ड्यूटीला मात्र तू माझ्याहून वीस वर्षांनी मोठी असल्यासारखी वागायचीस. पेशंट नवा आला की आधी केसपेपर वाचायचा नाही, हा तुझा हट्ट. पायथ्याशी उभं राहायचं, हात मागे बांधायचे, आणि नुसतं बघायचं. ओठ बघायचे, चादर कशी धरलीय ते बघायचं, नातेवाईक कुठे बसलेत तेही बघायचं. ट्यूटर बाई खेकसायच्या, "काय दर्शन घेताय का?" तू हलायची नाहीस.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आपण दोघी पास होऊन वाशीला आलो. केवढा वारा होता तेव्हा इथे! सेक्टरांना नंबर पडलेले, पण नंबरांवर घरं नव्हती. खाडीवरून वारा सुटला की क्वार्टरच्या खिडकीत वाळत घातलेले ॲप्रन थेट पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे आणि आपण पदर खोचून त्यांच्यामागे. हॉस्पिटल म्हणजे दोन इमारती. रबाळ्याच्या कारखान्यांतून भाजलेली, बोटं तुटलेली माणसं यायची, आणि गावांतून बाळंतिणी. त्याच वर्षी हॉस्पिटलने हा वरचा कोर्स काढला. मोठे डॉक्टर म्हणाले, अनुभवी सिस्टर या. एकही गेली नाही. वॉर्डातली पक्की नोकरी आणि क्वार्टर सोडून मिठागरात कोण जाऊन बसणार? मग त्यांनी नव्या मुलींना विचारलं आणि मी हात वर केला.

तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. नवव्या दिवशी चहाचा कप आपटून म्हणालीस, "शंभर ताप बघितल्याशिवाय एका तापाला नाव द्यायचं नाही, नलू. माणसं आहेत ती."

मीही ऐकून घेणारी नव्हते. मी म्हटलं, "वॉर्ड काय शिकवतो गं? डॉक्टर आले की खुर्चीवरून उठायला. डॉक्टर सांगतील ते लिहायला. पाच वर्षं उठबस केली की मग स्वतःच्या डोक्याने एक गोळी द्यायचीही भीती वाटते. मला भीती वाटायच्या आत शिकायचंय."

"भीती वाटायलाच हवी."

"तू बस घाबरत."

बारा वर्षं आपण हेच भांडण भांडलो, नाही का? वर्षातून कितीदा तरी. तुझ्या वॉर्डच्या जिन्यात, माझ्या केंद्राच्या पायरीवर, बेलापूरच्या बसस्टॉपवर, शैलाच्या दहावीच्या पेढ्यांवरसुद्धा. दोघींचीही वाक्यं ठरलेली. कधीकधी तू माझं वाक्य आधीच म्हणून टाकायचीस आणि मग मला हसू यायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

तुझं खरं होतं असं एकदा मी कबूल केलं होतं. मनात. तुला सांगितलं नाही, आता सांगते. केंद्र मिळून माझे तीनच महिने झाले होते. तू रविवारची सुट्टी म्हणून बसने आलीस, पिशवीत सुकट घेऊन. मी एका दोन वर्षांच्या पोराला ताप म्हणून इंजेक्शन दिलं होतं आणि कौतुकाने त्याच्या आईला सांगत होते, "किती शहाणं बाळ आहे, रडलंसुद्धा नाही." तू दारातच थांबलीस. पिशवी खाली ठेवलीस. पायथ्याशी उभी राहतेस तशीच, हात मागे. मग म्हणालीस, "नलू, टोचल्यावर पोर रडत नाही. उचल त्याला. आत्ता." मी म्हटलं, कोर्सच्या तक्त्यात असं काही नाही. तू माझ्याकडे बघितलंस सुद्धा नाहीस, पोराला खांद्यावर टाकून रस्त्याला लागलीस. मेंदूला सूज आली होती त्याच्या. वाचलं ते. आता तेराव्या वर्षीच मिठाच्या ट्रकवर क्लीनर आहे, मला बघून हॉर्न वाजवतो. ते तुझं पोर आहे, माझं नाही.

तक्त्याला तू केवढं हसायचीस! कोर्समध्ये आम्हाला पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक पिवळा तक्ता दिला होता. पेशंट कशासाठीही येवो, बोट ठेवून ओळीओळीने जायचं. गरोदर बाई असेल तर ती काटा टोचला म्हणून आली तरी तिचं बीपी घ्यायचं, लघवी परीक्षानळीत उकळून बघायची, पांढरं साकळतं का ते. मी मोठ्याने वाचायची. तू म्हणायचीस, "सुरू झाली हिची आरती." मी म्हणायची, "माझ्याकडे तुझे डोळे नाहीत, म्हणून बोट लागतं." खरं सांगू? मला ते वाक्य बोलताना थोडा माजच होता. तक्ता असेल तर डोळ्यांवाचून अडत नाही, असंच मला म्हणायचं असायचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय तिथे यायला हवं. इतकी पानं मी तेच टाळतेय.

आठ वर्षं झाली. माझी आई आजारी म्हणून मी पंधरा दिवस रजेवर गेले आणि हॉस्पिटलने बदलीवर तुला माझ्या केंद्रात पाठवलं. मी परत आले तेव्हा तू टेबल लखलखीत पुसून, बाटल्या ओळीत लावून आदल्या दिवशी वाशीला गेली होतीस. मी रजिस्टर उघडलं. तुझं ते गोल अक्षर. शेवटून दुसऱ्या दिवशी हिराबाय. मिठागरातली, सातवा महिना. तक्रार: डोकं दुखतं, पाय सुजले. बीपीचा रकाना रिकामा. लघवीचा रकाना रिकामा. शेरा: सूज खाऱ्या पाण्याची, डोकं उन्हाने. गोळ्या दिल्या, सावलीत बसायला सांगितलं.

मी दोनदा वाचलं. चुकलीस असं मला वाटलं नाही, आधी मला फक्त इतकंच वाटलं की दोन घरं रिकामी आहेत. मला रिकामं घर बघवत नाही. बीपीचं मशीन उचललं आणि बांधावरून चालत हिराबायच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "काय नाय झाला बाय. मिठागरान उभा रायला का सगल्यांचंच पाय सुजतान. ती नवीन बायपन तेच बोलली." मी पट्टा बांधला. पारा इतका वर उभा राहिला की मला वाटलं मशीन बिघडलंय. परत घेतलं. मग मी रस्त्यावर पळाले आणि मीठ भरलेला ट्रक थांबवला.

वाटेत तिला झटका आला. ट्रकमध्ये, गोणींवर. तिच्या दातांत मी माझा पदर कोंबला. असं करू नये हे मला ठाऊक होतं, तरी कोंबला. ती वाचली. तिचं मूल गेलं. मुलगी होती.

तू त्या दिवशी ड्यूटीवर होतीस. तिला स्ट्रेचरवरून तूच आत घेतलंस. तिचं तोंड बघितल्यावर तू एकदम थांबलीस, कुंदा. मी बघत होते. मग तू कामाला लागलीस आणि रात्रपाळी येईपर्यंत तिच्या खाटेपासून हललीच नाहीस. मला तू काही विचारलं नाहीस. मी काही सांगितलं नाही. चौकशी होणार हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्या गेल्या मी तुझ्या अक्षरासारखं गोल अक्षर काढून त्या दोन रकान्यांत लिहिलं. बीपी एकशेदहा सत्तर. लघवी स्वच्छ.

का लिहिलं? तुझी पोर तेव्हा बारा वर्षांची होती. तू तिला नुकतंच कोकणातून आणून शाळेत घातलं होतंस, क्वार्टर नोकरीवर होतं. नोकरी गेली तर तू जाणार कुठे? मी एवढाच विचार केला. म्हणजे मी स्वतःला असं सांगत आले. खरं तर विचार वगैरे काही नव्हता. तुझं नाव आणि त्याच्यापुढे ते रिकामं घर मला सहन झालं नाही.

मग ती मीटिंग. मोठे डॉक्टर, मेट्रन, तू, मी. रजिस्टर टेबलावर फिरत तुझ्यापर्यंत आलं. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, ही नोंद तुमची?" तू पानावर बघितलंस. तुझं बोट त्या आकड्यावर आलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं आता ही बोलणार. तू म्हणालीस, "हो." आणि रजिस्टर मिटलंस.

त्यावर मोठे डॉक्टर काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. कुंदासारख्या मुरलेल्या सिस्टरने सगळं नीट केलं, तेव्हा काही नव्हतं. दोन दिवसांत चढलं. पण नलिनीला बघा. रजिस्टरात बीपी चांगलं असताना ती मशीन घेऊन घरी गेली. का गेली? तिला आतून वाटलं. हा केंद्रातल्या तीन वर्षांचा अनुभव. ताजी मुलगी असती तर आकडा बघून गप्प बसली असती. म्हणून यापुढे ताज्या मुली कोर्सला नकोत, आधी तीन वर्षं वॉर्ड.

मला आतून काहीही वाटलं नव्हतं. मी रिकामा रकाना बघून गेले होते. तो रकाना मीच भरून टाकला आणि त्यातून ही अट निघाली. ताज्या मुलींच्या बाजूने मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले आणि त्यांचं दार लावलं मीच. मेट्रननी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर आपण याविषयी एक शब्द बोललो नाही. किती सोपं होतं गं? भाजी निवडताना सुद्धा बोलता आलं असतं. तू "हो" म्हणालीस ते स्वतःला वाचवायला की मला? तू रकाना रिकामा सोडलास ते आठवत होतं तुला, की इतक्या बायकांच्या गर्दीत तुलाच वाटलं आपण घेतलं असेल बीपी? आणि मला सांग, यानंतरही तू तीच भाषा कशी बोलायचीस? वॉर्ड हवा, वॉर्ड हवा, पूर्वीपेक्षा चढ्या आवाजात. वॉर्डानेच तर तुला ते पाय दाखवले होते. शंभर सुजलेले पाय तू बघितले होतेस, म्हणून एकशेएकाव्याला मशीन लावावंसं वाटलं नाही. आणि मला हेही माहीत आहे की त्याच डोळ्यांनी ते न रडणारं पोर ओळखलं होतं. मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय स्वतःशी. जिंकत कुणीच नाही.

हिराबाय अजून येते केंद्रात. नंतर तिला दोन मुलगे झाले. दरवेळी ओंजळभर करंदी, ती बारकी कोलंबी, आणते आणि म्हणते, "तू व्हतीस म्हनून हाय मी आज." मला ती करंदी गिळवत नाही. तुझ्याकडे पाठवून द्यायची ना मी? तू विचारायचीस, कोणी दिली? मी सांगायची, हिराबायने. तू साफ करून, शिजवून, डब्यात घालून परत माझ्याकडेच पाठवायचीस. आपण दोघींनी एकदाही ती खाल्ली नाही. रखवालदाराची मजा झाली.

आणि तरी तुझ्याइतकं माझं कुणी केलं नाही, हे मला लिहायलाच हवं. माझं लग्न मोडलं तेव्हा तू चार दिवस रजा काढून माझ्या केंद्रात खाली चटईवर झोपलीस आणि एकदाही "जाऊ दे" म्हणाली नाहीस. आईच्या वेळी, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तूच होतीस. तुझ्या रागावरही माझा जीव होता. तू गेल्यापासून मला कोणी मूर्ख म्हटलेलं नाही, आणि घर अगदी गप्प झालंय.

आता सांग, सही करू? केली तर तुझा शब्द मोडला. नाही केली तर ज्या अटीचं मूळ मला माहीत आहे तीच अट मी तुझ्या लेकीच्या डोक्यावर ठेवली. आणि समजा केली, आणि तीन महिन्यांनी एखादं पोर टोचल्यावर रडलं नाही, आणि दारात कोणी उभं नसलं तर?

इथवर लिहून कागद ठेवले होते. आज शनिवार आहे.

गुरुवारी मला एक युक्ती सुचली होती, तुला ऐकून संताप येईल. मी दोन कागद केले. एक सही केलेली शिफारस. दुसऱ्यावर रजिस्टरचं सगळं खरं. दोन्ही शैलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचं, तुला वाटेल तो दे. पाकिटात घातलेसुद्धा. मग पाकीट हातात धरून बसले असताना माझी मलाच लाज वाटली. वीस वर्षांच्या पोरीला, आई जाऊन पंधरा दिवस झालेले असताना, मी निवडायला लावणार होते. स्वतःचं ओझं पोरीच्या पदरात टाकून मी मोकळी.

म्हणून शुक्रवारी दुपारी मी शिफारस फाडली आणि दुसरा कागद घेऊन एकटीच मेट्रनकडे गेले. शैलाचा फॉर्म तसाच, बिनसहीचा, सोबत ठेवला. मेट्रननी चष्मा लावून सावकाश वाचलं. परत वाचलं. मग म्हणाल्या, "आठ वर्षांनी सांगताय. त्या गेल्या म्हणून?"

मी म्हटलं, "हो. त्या होत्या तोवर मला वाटायचं, त्या आधी बोलतील. आता वाटतं त्याही हीच वाट बघत असणार."

त्यांनी कागदाची घडी घालून तो फॉर्मवर ठेवला. मग सांगितलं, समिती परत बसेल, अट राहील का जाईल सांगता येत नाही, तोपर्यंत सगळेच फॉर्म थांबतील, माझ्या नोकरीचंही त्यांच्या हातात नाही. मी बरं म्हटलं. बाहेर आले, जिन्याचा कठडा धरून उतरले.

शैलाला मी घरी जाऊन सांगितलं. काही वगळलं नाही. हिराबाय, ट्रक, मुलगी होती तेही. ती तुझ्या पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती, मांडीवर तुझा न धुतलेला ॲप्रन. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मावशी, म्हणजे आता सगळ्यांना कळणार, आईने बीपी घेतलं नव्हतं?"

"हो."

"आणि माझा फॉर्म पण लटकला."

"हो."

तिने ॲप्रनची घडी घातली, परत उलगडली. मी उठले, चप्पल घालायला दारापर्यंत गेले. मागून ती म्हणाली, "आई मला वॉर्ड वॉर्ड करायची ना, ते मी अडाणी राहू नये म्हणून नव्हतंच मग. मी तुझ्या केंद्रात येऊ नये म्हणून होतं. तिथे ते रजिस्टर आहे. मी कधीतरी उघडलं असतं, आणि आईचं अक्षर मला ओळखू येतं."

कुंदा, हे मला आठ वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी एका क्षणात म्हटलं, "नाही गं, भलतंच काय. तुझी आई तशी नव्हती. वॉर्ड हवा असं तिला मनापासून वाटायचं." अगदी ठामपणे म्हटलं. शैलाने मान हलवली, तिला बरं वाटलेलं दिसलं.

मी जिना उतरून खाली आले. फाटकापर्यंत गेले. आणि तिथे मला कळलं की मी आत्ता परत तेच केलं. तुझ्या नावापुढे मला ठाऊक नसलेली गोष्ट तुझ्या अक्षरात लिहून आले.

परत वर गेले. दार उघडंच होतं. शैला तशीच बसली होती. मी म्हटलं, "शैला, आत्ता बोलले ते सोड. तुझ्या आईच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही."

सरकून तिने मला बाजूला जागा करून दिली.